तानपुऱ्याची आस आणि 16 बिट

डिजिटल ध्वनिमुद्रण किती बिटचे असावे, हा वाद तपासायला तानपुऱ्याइतके चांगले वाद्य नाही. तार छेडली की जवारीचा झणझणता स्वर उमटतो आणि मग आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरत विरत शांततेत मिसळते. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवले की, पसरट घोडी आणि तिच्यावरचे सूत यांमुळे तानपुऱ्यात असे उपस्वर उमटतात, जे साध्या तारेच्या नियमाने ऐकूच येऊ नयेत.

ही विरती आस आकड्यांत साठवताना ध्वनिलहरीची उंची क्षणोक्षणी मोजून जवळच्या पायरीवर बसवावी लागते. 8 बिटमध्ये 256 पायऱ्या, 16 बिटमध्ये 65,536, तर 24 बिटमध्ये 1 कोटी 67 लाखांहून अधिक. एक बिट वाढला की सुमारे 6 डेसिबलचा पल्ला वाढतो. 8 बिटवर आस विरताना शेवटी दोन-चार पायऱ्याच उरतात. आवाज खरखरतो आणि मध्येच तुटतो. हे कुणालाही ऐकू येईल.

16 बिटवरही हेच घडत असेल, फक्त जरा खालच्या पातळीवर, असे आपल्याला वाटते. पण ध्वनिमुद्रण नीट केले असेल तर तसे घडत नाही, आणि मला या विषयातले खरे सौंदर्य इथेच दिसते. पायऱ्यांवर बसवण्याआधी आवाजात मुद्दाम किंचित गोंगाट मिसळतात. त्याला ‘डिदर’ म्हणतात. त्याने खरखर जाते, तिच्या जागी एकसारखी मंद सुंसुं राहते आणि सर्वांत खालच्या पायरीहूनही लहान स्वर त्या सुंसुंमध्ये टिकून राहतो. गोंगाट घालून स्वर वाचवता येतो!

प्रश्न उरतो तो ही सुंसुं ऐकू येण्याचा. 16 बिटचा पल्ला 96 डेसिबल. शांत खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. ढोबळ हिशेबाने, ही सुंसुं त्याच्यावर यायची तर गाण्याचा सर्वांत मोठा आवाज 126 डेसिबलवर न्यावा लागेल. तिथे कान दुखू लागतात.

16 बिटचा फरक कानाला कळतो का, याच्या प्रत्यक्ष चाचण्या अमेरिकेत मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी घेतल्या. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या 16 बिटमधून गाळून ऐकवले. कोणते कोणते, हे श्रोत्यांना सांगितले नव्हते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात 554 पैकी 276 उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीतही एवढीच आली असती. फरक कळला तो आवाज फारच वाढवून शांत जागा ऐकल्यावर.

म्हणून घरी ऐकण्यासाठी 24 बिटचे जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा चांगला हेडफोन घ्यावा. ध्वनिमुद्रण करताना मात्र 24 बिट खरोखर उपयोगी पडतात. गायकाची तान अचानक किती चढेल हे आधी कळत नाही. पातळी 20 डेसिबल खाली ठेवली तरी 24 बिटमध्ये काही बिघडत नाही. घरातल्या आजीच्या ओव्या किंवा गुरुजींची बंदिश जपून ठेवायची असेल तर 24 बिट निवडा, पातळी खाली ठेवा आणि आधी पंखा बंद करा.