माउंटवरची मावली

‘घर पाहिजे की नोकरी?’ मेणबत्तीवाल्या मावशींनी विचारलं आणि मी चक्क गोंधळले. त्यांच्या टेबलावर मेणाची अख्खी दुनिया मांडलेली होती. हात, पाय, हृदय, गुटगुटीत बाळं, विमानं आणि छोटी छोटी घरं. ज्याला जे हवं ते त्याने विकत घ्यायचं, चर्चमध्ये वाहायचं आणि मागणं मागायचं. मागच्याच आठवड्यात एका बँकेने मला होम लोनसाठी नाही म्हटलं होतं. फ्रीलान्सरकडे सॅलरी स्लिप कुठून येणार? मी मुकाट्याने घर उचललं. वन रूम किचनच वाटत होतं, पण चालेल!

वांद्र्याच्या माउंट मेरीला तुम्हीही गेला असालच. निदान बँडस्टँडवर टाइमपास करून झाल्यावर वर एक चक्कर. मी कॉलेजपासून जातेय, पण समोर उभं असलेलं चर्च कधी नीट बघितलं नव्हतं.

सोळाव्या शतकात पोर्तुगालच्या जेझुइट पाद्र्यांनी मेरीची मूर्ती या टेकडीवर आणली आणि छोटंसं चॅपल बांधलं. सन १७०० मध्ये अरब चाचे आले आणि मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याची समजून त्यांनी हातच तोडला, असं सांगतात. पुढची एंट्री आपली! चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ दरम्यान, मराठे साष्टीत उतरले. त्या धामधुमीत चॅपल पडलं. पुन्हा उभं राहिलं ते थेट १७६१ च्या सुमारास, म्हणजे पानिपताच्या वेळी. शाळेत वसईचा विजय घोकताना या टेकडीचं नाव काही ऐकलं नव्हतं.

नव्या चर्चमध्ये काही काळ दुसरीच मूर्ती होती. एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि ती समुद्रात तरंगताना सापडली, अशी तिची कथा. कोळी तिला ‘मोत मावली’ म्हणू लागले. कोणी म्हणतं ‘मोत’ म्हणजे मोती, कोणी म्हणतं पोर्तुगीज भाषेतला डोंगर. मला विचाराल तर मोती! आज मुख्य वेदीवर पुन्हा जुनी मूर्ती आहे. नाव मात्र कोळ्यांनी दिलेलंच टिकलं.

आता दिसतं ते दगडी चर्च १९०४ चं. त्याचा आर्किटेक्ट होता पारशी, शापूरजी चंदाभॉय. रस्त्यावरून मान वर करून बघा. दोन्ही बाजूंना उंच मनोरे, टोकदार कमानी, सगळा गॉथिक थाट. युरोपातल्या कथीड्रल्सपुढे हे तसं आटोपशीरच आहे. पण टेकडीची उंची आयती मिळाल्यामुळे भाव खाऊन जातं. इथे पोचायचा रस्ताही पारशी पैशातूनच सोपा झाला. १८४५ मध्ये खुला झालेला माहीम कॉजवे लेडी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभा राहिला. त्याआधी माहीमहून वांद्र्याला यायचं तर खाडी ओलांडा.

आणि हो, ‘बॅसिलिका’ हा इथे बांधणीचा प्रकार नाही, पोपने दिलेला मान आहे. माउंट मेरीला तो १९५४ मध्ये मिळाला.

सप्टेंबरमध्ये, ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर इथे जत्रा भरते. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये ती झाली नाही. एरवी वांद्रे स्टेशनवरून बेस्टच्या जादा बसेस सुटतात आणि चढावर मुंगीलाही जागा नसते. गर्दीत साड्या, बुरखे, कपाळावरची कुंकवं, सगळं दिसतं. निवांतपणा हवा असेल तर मंगळवारी दुपारी जा, मी गेले तशी.

आत पंखे घरघरत होते. माझं घर ठेवलं, दोन मिनिटं काय बोलायचं तेच सुचेना. मग व्याजदरासकट सगळं सांगून टाकलं. शेजारी एक मुलगा मेणाचं विमान धरून डोळे मिटून उभा होता, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. त्याचा फोन थरथरला. बाहेर पळत जाऊन तो कुजबुजला, ‘सर, डेंटिस्टकडे आहे. अजून अर्धा तास लागेल.’

आणि परत आत येऊन उभा राहिला.