वीजबिल आणि घरखर्च: दोनशे युनिटांची मर्यादा

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यासह कर्नाटकातील घरगुती वीजग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ योजना लागू केली. भाडेकरूही तीत पात्र ठरले. मात्र प्रत्येकाला सरसकट २०० युनिट मोफत नाहीत. मूळ नियमानुसार २०२२-२३ मधील मासिक सरासरी वापर व त्यावर १० टक्के, एवढीच सवलत आहे. सरासरी १५० युनिट असल्यास १६५ युनिटांपर्यंत बिल शून्य. १८० युनिट वापरल्यास १५ युनिटांचे पैसे भरावे लागतात. वापर २०० युनिटांपुढे गेल्यास मात्र संपूर्ण बिलाचा भार कुटुंबावर पडतो. म्हणून, विशेषतः उन्हाळ्यात, मागील बिलावरील नोंद मीटरच्या आकड्यातून वजा करून महिन्याच्या मध्यावरच वापर तपासणे हिताचे ठरते.