गोळीवाचून आलेले वीरमरण

वऱ्हाडातला माणूस थंडी म्हणजे काय ते चिखलदऱ्यावर जाऊन शिकतो. दिवाळीच्या सुटीत परतवाड्याहून एस.टी.ने घाट चढावा, सकाळी अंगावर शाल ओढून घ्यावी, चहाचा पेला दोन्ही तळहातांत धरावा आणि ‘काय हा कडाका!’ म्हणावे, एवढीच आपली थंडीशी ओळख. चिखलदऱ्याची उंची जेमतेम साडेतीन हजार फूट. आपले जवान जिथे पहारा करतात त्या सियाचिनच्या चौक्या याच्या पाचपट उंचीवर आहेत. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांपर्यंत उतरतो.

वैशाखात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या अचलपुराचा त्या बर्फाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आजकालचा नाही.

सलाबतखानाच्या पलटणी

अचलपूरचा नवाब सलाबतखान याने १७८८ साली पलटणी उभ्या केल्या. पुढे त्या निजामाच्या कंटिंजंट फौजेत गेल्या. तिची एक छावणी परतवाड्याला होती, आणि परतवाडा हे गावच मुळी त्या छावणीभोवती वाढले. या फौजेतून १९२२ साली हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिलाच कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. सलाबतखानाच्या काळापासून आपला इतिहास मोजणारी तिची पलटण म्हणजे चौथी कुमाऊँ. बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी धारातीर्थी पडून पहिले परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच पलटणीचे.

पुढे १३ एप्रिल १९८४ रोजी, वैशाखीच्या दिवशी, बिलाफोंड ला या सियाचिनवरच्या खिंडीत हेलिकॉप्टरने उतरलेल्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व एका मराठी अधिकाऱ्याने केले. ते कॅप्टन संजय कुलकर्णी, आणि त्यांची पलटणही चौथी कुमाऊँच. आज तिच्यात वऱ्हाडी शिपाई नाहीत. पण तिचे मूळ बिच्छन नदीच्या काठी आहे, हे अचलपूरकरांनी आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

त्या मोहिमेत पहिला घाव शत्रूने घातला नाही. तो घातला विरळ हवेने. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. धडधाकट जवानाच्याही फुफ्फुसांत पाणी साचते, श्वास कोंडतो, आणि वेळीच प्राणवायू देऊन खाली उतरवले नाही तर तो दगावतो. म्हणूनच सैन्यात कोणालाही एकदम वर चढू देत नाहीत. नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार दिवस आणि पंधरा हजारांच्या वर आणखी चार दिवस, अशा पायऱ्यांनी शरीराला सवय लावतात. इतके करूनही शरीर केव्हा हार मानील याचा नेम नसतो.

पिंपळखुट्याचे कैलास दहीकर

अचलपूर तालुक्यातील पिंपळखुट्याचे कैलास दहीकर हे बिहार रेजिमेंटचे जवान. २०२० च्या डिसेंबरात हिमाचल प्रदेशात कुलू-मनालीकडच्या बर्फाळ भागात ते कर्तव्यावर होते. तिथे तंबूला आग लागली आणि त्या आगीत त्यांना मरण आले. मेळघाटच्या पायथ्याचा हा तरुण तिरंग्यात गुंडाळलेला गावी परतला.

अशा वेळी कोणी हळूच विचारतो, ‘लढाई तर नव्हती, मग हे वीरमरण कसे?’ प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नसतो, अज्ञानातून आलेला असतो. म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे.

बर्फात तंबू ठोकून राहणाऱ्या माणसाला विस्तवावाचून रात्र काढता येत नाही. रॉकेलवर चालणारी बुखारी तिथे चुलीचे, बंबाचे आणि शेकोटीचेही काम करते. बर्फ वितळवून प्यायचे पाणी करायचे तेही विस्तवावरच. म्हणजे जो विस्तव जीव राखतो, त्याच्याच उशाशी निजायचे! बाहेर हिमकडा कोसळण्याचे भय, आत आगीचे आणि धुराचे भय. उघड्या हाताने बंदुकीच्या पोलादाला स्पर्श केला तर कातडी चिकटते. बोटे काळीनिळी पडतात आणि प्रसंगी कापावी लागतात. अशा ठिकाणी नुसते टिकून राहणे हीच लढाई. ती रोज लढावी लागते आणि तिला युद्धविराम नाही.

युद्धविराम म्हटले म्हणून आठवण द्यावीशी वाटते. सियाचिनवर २००३ च्या नोव्हेंबरात तोफा थांबल्या. मरण मात्र थांबले नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी साडेएकोणीस हजार फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी लान्स नायक हणमंतप्पा जिवंत सापडले. साऱ्या देशाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पण ११ फेब्रुवारीला त्यांचीही ज्योत मालवली. त्या दहांत साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. ते शुश्रूषेचे काम करणारे जवान होते. इतरांचे प्राण वाचवणे हेच त्यांचे कर्तव्य. सियाचिनवर आजवर आठशेहून अधिक जवान गेले, आणि त्यांतले बहुतेक निसर्गाने नेले.

खंडेनवमीची चिता

वऱ्हाडाने आणखी एक मुलगा दिला. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अक्षय गवते हे अग्निवीर म्हणून भरती झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचिनवर कर्तव्य बजावताना गेले. तिथे प्राण अर्पण करणारे ते पहिले अग्निवीर. २३ ऑक्टोबरला गावी त्यांना अखेरची मानवंदना मिळाली. त्या दिवशी खंडेनवमी होती. घरोघरी शस्त्रांची नि अवजारांची पूजा चालली असताना एका शेतकऱ्याच्या घराने आपला मुलगाच देवापुढे ठेवला.

त्यांच्या मृत्यूनंतर देशात एक वाद पेटला. अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची. तो कामी आला तर घरच्यांना अठ्ठेचाळीस लाखांचा विमा, चव्वेचाळीस लाखांचे सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या मुदतीचा पगार मिळतो. रक्कम मोठी आहे, आणि ती सरकारने नियमाप्रमाणे देऊ केली हेही खरे. पण नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन अग्निवीराच्या आईवडिलांना नाही. एकाच तंबूत, एकाच बुखारीपाशी निजणारे हे दोघे. वरची हवा दोघांना सारखीच विरळ. मग मागे उरलेल्या दोन आयांच्या म्हातारपणात फरक का असावा? खर्चाची अडचण सांगणाऱ्यांनी तो हिशेब जरूर मांडावा. पण या प्रश्नाचे उत्तरही द्यावे. संसदेत याचा निकाल लागायचा तेव्हा लागो, तुम्हीआम्ही मात्र तो मनात आजच लावू शकतो.

एकरकमी पैसा घरात येतो आणि घरदुरुस्तीत, देण्याघेण्यात, धाकट्यांच्या लग्नाशिक्षणात वाटेला लागतो. दरमहा येणारी रक्कम थोडी असली, तरी ती म्हातारीच्या औषधाला आणि वाण्याच्या उधारीला पुरते. हे मध्यमवर्गीय गृहिणीला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत ७ डिसेंबर येतो. १९४९ पासून तो सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. शाळेतून मुलगा छोटा झेंडा घेऊन येईल, दोन-पाच रुपये मागेल. त्या वेळी पाकिटात सुटे नाहीत म्हणू नये. आणि आपल्या गावात, आपल्या आळीत कोणा जवानाचे घर असेल, तर या भाऊबीजेला फराळाचे ताट घेऊन तिथे जाऊन यावे. तो कुठे आणि कसा गेला, हे तिथे विचारू नये. तो कसा होता, ते विचारावे. आईला ते सांगायचे असते.