टर्कीचा मीटलोफ

टर्की या पक्ष्याच्या नांवाची मोठी गंमत आहे. इंग्रजांनीं त्याला तुर्कस्तानचें नांव दिलें, फ्रेंच भाषेंतील त्याचें नांव हिंदुस्थानकडे बोट दाखवितें, आणि त्याची खरी जन्मभूमि मात्र अमेरिका खंड. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो मेक्सिकोहून युरोपांत नेला. मोगल दरबारीं तो गोव्याच्या वाटेनें पोंचला. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून जहांगीर बादशहासाठीं ज्या नवलाच्या जिनसा आणल्या, त्यांत हा पक्षीहि होता. चित्रकार मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहांत आहे.

आज या पक्ष्याच्या खिम्याचा एक साधा अमेरिकन पदार्थ पाहूं. मीटलोफ म्हणजे खिमा, भिजविलेला पाव, अंडें व कांदा एकत्र कालवून, त्याला पावासारखा आकार देऊन ओव्हनमध्यें भाजलेली लादी. थोडें मांस पावाच्या साह्यानें अधिक माणसांना पुरवावें, हें त्यामागील गृहिणीचें शहाणपण. हा पदार्थ मुख्यतः गोमांसाचा, कधीं त्यांत डुकराचेंहि मांस घालतात. ज्यांना हीं मांसें वर्ज्य आहेत, किंवा ज्यांना चरबी कमी हवी आहे, त्यांना टर्की सोयीची पडते. परदेशीं राहणाऱ्या आपल्यांतील मांसाहारी कुटुंबांनाहि ती सोय उपयोगी आहे.

परंतु नुसतें मांस बदलून भागत नाहीं. टर्कीच्या मांसांत, विशेषतः छातीच्या भागांत, चरबी फार थोडी. म्हणून तें लवकर कोरडें पडतें. दुसरी अडचण याहून मोठी. अखंड मांसावरील जंतु बहुतेक पृष्ठभागावर असतात; खिमा करतांना ते आंतपर्यंत मिसळतात. म्हणून पक्ष्याचा खिमा मध्यभागीं ७४ अंश सेल्सियस, म्हणजे १६५ अंश फॅरनहाइट, इतका तापलाच पाहिजे. गोमांसाच्या खिम्याला ७१ अंश पुरतात. ज्या मांसाला उष्णता कमी सोसते, त्यालाच ती अधिक द्यावी लागते! कमी भाजलें तर आजाराचें भय, अधिक भाजलें तर भुशाची चव. या दोहोंमधून वाट काढणें हेंच खरें कौशल्य.

आतां कृति. मांडीचें मांस मिसळलेला ९०० ग्रॅम खिमा घ्यावा. पावाचे तीन काप कुसकरून अर्धा पेला दुधांत दहा मिनिटें भिजवावे. हा भिजलेला पाव पदार्थाचा प्राण होय. पावांतील पिष्ट दूध धरून ठेवतें व मांसतंतूंच्या मधें बसून त्यांना एकमेकांशीं घट्ट आवळूं देत नाहीं. एक मोठा कांदा व लसणाच्या दोन पाकळ्या बारीक चिरून लोण्यावर मऊ होईपर्यंत परताव्या आणि पूर्ण निवूं द्याव्या. हवें तर बारीक चिरलेलीं अळंबीं त्यांतच परतावीं, ओलावा वाढतो. मग दोन अंडीं, दीड लहान चमचा मीठ, मिरपूड आणि एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस घालावा.

येथें हात आवरावा. मिठामुळें मांसांतील चिकट द्रव्य सुटतें. फार मळल्यास लादी रबरासारखी होते. कणीक तिंबतों तसें तिंबूं नये. कोशिंबीर कालवतों तसें बोटांच्या टोकांनीं कालवावें.

खोल भांड्याऐवजीं सपाट ताटलीवर लादी थापल्यास तिच्या बाजूहि खरपूस होतात. अर्धा पेला टोमॅटो केचप, दोन मोठे चमचे तपकिरी साखर व एक मोठा चमचा व्हिनेगर यांचें मिश्रण करून अर्धें वरून लावावें. ओव्हन १८० अंश सेल्सियसवर तापवून लादी आंत ठेवावी. सुमारें तास लागतो. उरलेलें मिश्रण शेवटच्या पंधरा मिनिटांत लावावें.

पदार्थ झाला कीं नाहीं, हें रंगावरून ठरवूं नये. शिजलेली टर्कीहि कधीं गुलाबी दिसते, आणि पांढरी दिसणारी कधीं कच्ची असते. तापमापकाची सुई लादीच्या मध्यभागीं खुपसावी व ७४ अंश भरतांच लादी बाहेर काढावी. घड्याळाकडे पाहत बसूं नये. नंतर दहा-पंधरा मिनिटें तिला हात लावूं नये; रस आंत स्थिरावतो व काप मोडत नाहींत.

कच्चा खिमा लागलेले हात, पाट व सुरी साबणानें धुवावीं. उरलेले काप दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावे व तीन-चार दिवसांत संपवावे. दुसऱ्या दिवशीं पावांत घालून ते थंडहि रुचकर लागतात.

सारांश, टर्कीच्या अंगीं चरबीची जी उणीव आहे ती दुधानें, पावानें व कांद्यानें भरून काढावी, आणि भाजण्याचा अंदाज डोळ्यांवर न सोडतां मापावर सोंपवावा. एवढें सांभाळलें म्हणजे घरच्या मंडळींच्या पानांत पडेल तो काप रसाळहि असेल आणि निर्धोकहि.