चौकट : कमी गुणांनंतरचा रस्ता

कॅलिफोर्नियात १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने कम्युनिटी कॉलेजातून थेट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) तिसऱ्या वर्षात जाण्याची वाट पक्की केली. पहिल्या सत्रात घसरलेल्यांसाठीही ती खुली आहे.

● किमान पात्रता : हस्तांतरणास पात्र ६० सेमिस्टर युनिट, सरासरी ग्रेड (जीपीए) राज्यातील रहिवाशांना २.४, बाहेरच्यांना २.८. इंग्रजी लेखनाचे दोन व गणिताचा एक असे विषय सक्तीचे. नामांकित कॅम्पसवर प्रत्यक्ष चुरस याहून बरीच वर असते.

● ग्रेड सुधारणे : ‘डी’ किंवा ‘एफ’ मिळालेला विषय पुन्हा घेता येतो, यूसी सरासरीत नवा ग्रेड धरते. जुने खराब सत्र सरासरीतून वगळण्याची ‘अकॅडमिक रिन्यूअल’ सोय कॉलेजाकडे असते. अर्जात मात्र सर्व कॉलेजे आणि सर्व ग्रेड लिहावेच लागतात. काहीही लपवू नका, प्रवेश रद्द होऊ शकतो.

● हमीचा प्रवेश : ‘टॅग’ योजनेत डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ यांपैकी एका कॅम्पसची निवड करता येते. अर्ज सप्टेंबरात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो यात नाहीत.

● विषयांची जुळणी : कोणता विषय कुठे धरला जातो, हे ‘असिस्ट’ या सरकारमान्य संकेतस्थळावर कळते.

आणि पहिल्याच सत्रात समुपदेशकाला भेटा. चुकीच्या विषयांत गेलेले वर्ष परत मिळवणे सर्वांत अवघड असते.