नगरचे शाहू मोडक : गळा ते चेहरा

पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. वाघावर बसून आलेल्या या योग्याला सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वरादी भावंडांनी भिंत चालवली, ही कथा कीर्तनांतून मराठी घरांत पोहोचलेली होतीच. तिचे डोळ्यांसमोर उभे राहणारे चित्र मात्र पुष्कळांना ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’ने (१९४०) दिले. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटातील ज्ञानेश्वर, शाहू मोडक, हे याच जिल्ह्यातले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहरात १९१८ साली एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

ख्रिस्ती मुलाने पडद्यावर कृष्ण आणि संत व्हावे, याचे आज नवल वाटेल. परंतु नगरची हवाच काहीशी निराळी होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तेथे ख्रिस्तभक्तीला ओवी, अभंग आणि कीर्तनाचे वळण दिले होते. धर्म बदलला तरी गाण्याची भाषा मराठीच राहिली होती.

भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) मोडक कृष्ण झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते, राधेच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. चित्रपटाने रौप्यमहोत्सव साजरा केला. या यशात गळ्याचा वाटा किती मोठा होता, हे समजण्यासाठी त्या काळची चित्रीकरणाची रीत पाहावी लागते. गाणे आणि दृश्य एकाच वेळी टिपले जाई. तबला-पेटीवाले चौकटीबाहेर किंवा नेपथ्याच्या आडोशाला बसत, ध्वनिग्राहक कुठेतरी लपवलेला असे आणि नटाला त्याच्या टप्प्यात राहूनच गावे व हावभाव करावे लागत. एक सूर चुकला की सारे दृश्य पुन्हा. नुसते रूप असून भागत नसे. मूकपटांतील कित्येक देखणे चेहरे बोलपट येताच मागे पडले ते यामुळेच.

मोडकांचे रूप आणि गळा दोन्ही जुळलेले होते. तरीही त्यांच्या अभिनयाचा खरा कस लागला तो व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’मध्ये (१९३९). वेश्येवर जीव जडलेला पोलीस शिपाई गणपत साकारताना मुकुट-बासरीचा आधार नव्हता. पौराणिक भूमिकांच्या कौतुकात ही भूमिका झाकली जाते, हे त्यांच्यावर अन्यायाचे आहे.

दरम्यान तंत्र पालटत होते. १९३५ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूपछाँव’मध्ये पार्श्वगायन आणले. गाणे आधी मुद्रित करायचे आणि चित्रीकरणाच्या वेळी नटाने नुसते ओठ हलवायचे, ही सोय हळूहळू रूढ झाली. मग गाणारा नट ही चित्रपटाची गरज उरली नाही. ज्यांचे सारे भांडवल गळ्यातच होते, त्यांची कारकीर्द आटली. मोडक टिकले, कारण तोवर प्रेक्षकांनी त्यांच्या चेहऱ्यातच देव पाहिला होता. कृष्णाच्या भूमिका त्यांच्याकडे पुन:पुन्हा येत राहिल्या. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) ते भरत झाले.

मात्र या टिकण्याची किंमत होती. ‘नरसी भगत’मध्ये (१९५७) मोडक नरसी मेहता झाले. भजनांवाचून या भक्ताचे चरित्रच उभे राहत नाही. संगीत रवी यांचे होते. पडद्यावर ओठ हलले ते मोडकांचे; ऐकू आले ते हेमंतकुमार आणि मन्ना डे.