परवानगीने केलेली घरफोडी

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांजवेळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल. आणि मग अंधारात उतरलेला तो भयंकर कडा! महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान करून त्याच जागी त्यांनी बुरूज बांधला, असे सांगतात. आख्यायिकेची सत्यता इतिहासाचे प्राध्यापक ठरवोत; तिच्यातले शहाणपण मात्र निर्विवाद आहे. जेथून एक आई उतरते, तेथून शत्रू चढू शकतो. आणि ती वाट आपल्याच माणसाकडून कळणे हे भाग्यच होय.

संगणकाच्या जगात हेच काम आज मेहनताना देऊन करवून घेतात. त्याला पेनिट्रेशन टेस्टिंग, आपल्या भाषेत भेदचाचणी, असे म्हणता येईल. अशा चाचणीत तज्ज्ञ ज्या टप्प्यावर पोहोचला की मालकाच्या अंगावर काटा येतो, तो टप्पा म्हणजे दुरून मिळालेले 'शेल'.

शेल म्हणजे काय? संगणकाचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला 'कर्नल' म्हणजे गर म्हणतात आणि त्याभोवतीचे कवच ते शेल. आपण शब्दांत हुकूम लिहायचा, शेलने तो समजून घेऊन आतून तामील करवून आणायचा. युनिक्स प्रणालीसाठी केन थॉम्सन यांनी १९७१ साली असे शेल लिहिले. दुरून शेल वापरणे हा काही गुन्हा नव्हे. १९९५ साली फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी त्यासाठी 'एसएसएच' ही सुरक्षित पद्धत तयार केली आणि जगभरचे व्यवस्थापक ती रोज वापरतात. प्रश्न आहे तो शेल कोणाच्या हाती आहे, हा.

वेब सर्व्हरला आपल्या ग्रंथालयाची खिडकी समजा. आपण चिठ्ठी द्यायची, आतल्या माणसाने पुस्तक आणून द्यायचे. कपाटापर्यंत जाण्याची आपल्याला मुभा नाही. परंतु एखाद्याने चिठ्ठीवर पुस्तकाच्या नावाखाली 'आणि तिजोरीही उघडा' असे लिहिले, आणि आतल्या माणसाने तेही निमूटपणे केले तर?

हे खरेच घडले आहे. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले 'बॅश' हे शेल १९८९ पासून प्रचारात आले. त्याला माहिती म्हणून दिलेल्या मजकुराच्या शेपटाला कोणी हुकूम जोडला, तर ते तोही पाळत असे. अनेक वेब सर्व्हर पाहुण्याने स्वतःविषयी पाठवलेला मजकूर जसाच्या तसा बॅशपुढे ठेवीत. सप्टेंबर २०१४ मध्ये स्टेफान शाझेला यांच्या हे लक्षात आले. त्यांनी गाजावाजा न करता बॅश सांभाळणाऱ्या चेट रॅमी यांना आधी कळवले. २४ सप्टेंबरला दुरुस्तीसह बातमी जाहीर झाली. 'शेलशॉक' या नावाने गाजलेला हा दोष पंचवीस वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत होता! पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली, ती पुन्हा करावी लागली.

दुसरी एक युक्ती आहे. दारावरचा पहारेकरी आत येणाऱ्याला हटकतो, बाहेर जाणाऱ्याला सहसा विचारीत नाही. म्हणून घुसखोर आतल्या यंत्रालाच आपल्याकडे जोडणी करावयास लावतो. हे 'उलटे शेल'. यावर उपाय असा की सर्व्हरने बाहेर कोणाशी बोलावे यालाही मर्यादा घालावी, आणि त्याचे काम कमीत कमी अधिकाराच्या खात्यावर चालवावे. म्हणजे खिडकी फुटली तरी तिजोरी शाबूत राहते.

हे न केल्यास काय होते? अमेरिकेतील इक्विफॅक्स ही संस्था लोकांच्या पतीची माहिती ठेवते. तिच्या एका वेब प्रणालीतील दोषावर मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती उपलब्ध झाली होती. ती बसवण्याचे राहून गेले. मे महिन्यात घुसखोरांनी सुमारे तीस शेल आत पेरली आणि ते ७६ दिवस वावरले. जाणारी माहिती तपासणारे उपकरण प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे आंधळे झाले होते. जवळजवळ १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघडी पडली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या खिडकीत कधी चिठ्ठीही दिली नव्हती!

मग चाचणी करणारा आणि चोर यांत फरक कोणता? हत्यारे तीच, वाटही तीच. फरक एका कागदाचा आहे. कोणते यंत्र, किती दिवस, कोठपर्यंत, हे मालकाच्या सहीने आधी ठरलेले असते. शेल मिळाले की चाचणी करणारा आवश्यक तेवढाच पुरावा घेतो, इतरांची माहिती चाळीत बसत नाही, आपण ठेवलेले सारे काढून टाकतो आणि अहवाल देतो. 'फक्त पाहत होतो' ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमात अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपले गुण, आपली दुखणी, आपली बँकेतील शिल्लक आता अशाच खिडक्यांमागे आहे. दोष दाखवणाऱ्यावर रागवायचे की बुरूज बांधायचा, हा प्रश्न यंत्राचा नाही, माणसाच्या वृत्तीचा आहे. आणि तो आपल्या अभ्यासाचाच विषय नव्हे काय?